रक्तातील शिल्लक : एक प्रस्तावना

कुवेत शहर मागे टाकून फहाहीलच्या हमरस्त्याने दक्षिणेस निघालेल्या मनुष्यास अहमदी प्रांताच्या हद्दीत एगैला नावाची जी वस्ती लागते, ती पाहून अन्नाच्या दुर्भिक्ष्याचा विचार त्याच्या मनात येण्याचे काहीच कारण नाही. रुंद रस्ते, कुंपणाआडचे ऐसपैस बंगले, गेट मॉलसारखे थंडगार बाजार, आणि ज्यांना इथे जमिय्या म्हणतात त्या सहकारी भांडारांतील फळांच्या, मांसाच्या, दूधदुभत्याच्या ओसंडणाऱ्या फळ्या. वाळवंटात स्वतःचे फारसे काही पिकत नसले तरी अन्यत्र पिकलेले सर्व काही येथे विकत मिळते. या वस्तीत आणि आसपासच्या महबूला, अबू हलीफा, मंगाफ या भागांत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत गोड्या मसाल्यापासून हापूसपर्यंत कशाचीही वानवा नसते. आणि तरीही अशाच एखाद्या घरातील बारा-चौदा वर्षांची मुलगी शाळेच्या बसमधून उतरून दोन जिने चढताना मध्येच थांबते, दुपारी अभ्यासास बसवली तर पुस्तकावर मान टाकते, आणि फ्रीजमधील बर्फाचे खडे दिवसभर कडाकडा चावीत राहते. आई म्हणते, उन्हाळा फार आहे. जुलैत पारा पन्नाशीला टेकणाऱ्या या मुलखात ते स्पष्टीकरण सहज पटतेही. परंतु बर्फ चावण्याची ही अनिवार ओढ पुष्कळदा शरीरातील लोहाच्या तुटीमुळे उत्पन्न झालेली असते, व ती तूट औषधाने भरून निघाली की बाहेरचा उन्हाळा तसाच कायम असताना ही ओढ नाहीशी होते, हे वैद्यकास दीर्घकाळापासून ठाऊक आहे. वैद्यकास ठाऊक असलेले आईला ठाऊक व्हावे, एवढ्याच मर्यादित हेतूने प्रस्तुत पुस्तिका सिद्ध झाली आहे.

भरल्या घरात रक्त आटावे ही गोष्ट वरवर विसंगत वाटली तरी रोगाच्या इतिहासात तिला नवेपणा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगास स्वतंत्र अध्याय दिलेला असून वात, पित्त, कफ आणि सन्निपात यांच्या जोडीला पाचवा प्रकार म्हणून मृद्भक्षणजन्य, म्हणजे माती खाण्यापासून उद्भवणारा, पांडुरोग सांगितला आहे. माती खाल्ल्याने रक्त जाते की रक्त गेल्याने माती खावीशी वाटते, हा कार्यकारणाचा वाद आजही सर्वस्वी मिटलेला नाही. पण माती आणि फिकेपण यांची सांगड ज्याने प्रथम पाहिली, आणि पाहून लोहाच्याच चूर्णाची योजना केली, त्याच्या निरीक्षणशक्तीस दाद दिल्यावाचून राहवत नाही. युरोपात १५५४ साली योहान लांगे या जर्मन वैद्याने कुमारिकांच्या फिकेपणाचे वर्णन केले. सतराव्या शतकात लंडनच्या टॉमस सिडनहॅमने लोखंडाचा कीस मद्यात भिजवून तो पाजण्याचा परिपाठ घातला. आणि १८३२ साली फ्रान्सच्या पिएर ब्लो याने लोहक्षाराच्या ज्या गोळ्या प्रसिद्ध केल्या, त्याच रूप पालटून आज शाळाशाळांतून वाटल्या जात आहेत. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की क्लोरोसिस या नावाने ओळखला जाणारा तो रोग मोलमजुरी करणाऱ्या मुलींना जसा होई, तसाच सुखवस्तू घरांतील कन्यांनाही होई. पुष्कळ खाणे आणि खाल्लेल्यातून पुरेसे लोह अंगी लागणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि श्रीमंती पहिलीची हमी देते, दुसरीची देत नाही.

हे का, ते समजून घेण्यास शरीरातील लोहाचा व्यवहार एखाद्या काटकसरी संस्थानाच्या दफ्तराप्रमाणे वाचावा. प्रौढ स्त्रीच्या देहात एकूण लोह सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे एका बारक्या खिळ्याइतके. त्यातील बहुतेक रक्तपेशींतील हिमोग्लोबिनात गुंतलेले असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि ती मेल्यावर तिच्यातील लोह टाकून न देता पुन्हा कामास लावले जाते. या फेरवापरातून रोज वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह फिरते, तर अन्नातून रोज नव्याने जमा होणारे लोह अवघे एक-दोन मिलिग्रॅम. इतक्या तुटपुंज्या वसुलीवर संस्थान चालते ते खर्चही तितकाच तुटपुंजा असल्यामुळे. मुलगी वयात येऊ लागली म्हणजे मात्र खर्चाच्या बाजूला एकदम दोन नवी कलमे चढतात. एक, तिची उंची-वजन झपाट्याने वाढते व वाढत्या देहास रक्तही वाढते लागते. दुसरे, पाळी सुरू होते. प्रत्येक पाळीस साधारणतः तीस ते चाळीस मिलिलिटर रक्त जाते, आणि मिलिलिटरमागे अर्धा मिलिग्रॅम या हिशेबाने पंधरा ते वीस मिलिग्रॅम लोह दरमहा कायमचे खर्ची पडते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलींसाठी आहारातून रोज ३० मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली, तो आकडा पाहून जे आश्चर्य वाटते त्याचा उलगडा असा, की आपल्या धान्यप्रधान जेवणातील लोहापैकी फार थोडा अंश आतड्यातून रक्तात शिरतो व बाकीचे आल्या वाटेने निघून जाते.

या दफ्तराची एक फसवी रीत अशी, की तूट पडू लागली म्हणजे प्रथम हात घातला जातो तो राखीव खजिन्यास. हा खजिना फेरिटिन या प्रथिनाच्या रूपाने यकृतादी अवयवांत असतो. तो रिता होईपर्यंत हिमोग्लोबिनचा आकडा जागचा हालत नाही; म्हणून तपासणीत १२·२ ग्रॅम हिमोग्लोबिन आले की घरचे निश्चिंत होतात, कारण बारा वर्षांवरील मुलींसाठी १२ ग्रॅमच्या खाली गेल्यावाचून पंडुरोग म्हणावयाचा नाही असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. पण त्याच मुलीचे फेरिटिन मोजले तर ते लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली, म्हणजे शिल्लक शून्यावर, सापडू शकते. अशा मुली आजारी नसतात, पण बऱ्याही नसतात. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील शाळकरी मुलींवरील एका अभ्यासात असे आढळले की, ज्यांचे हिमोग्लोबिन उत्तम पण लोहसाठा खालावलेला होता, त्यांना लोह दिल्यावर शब्द शिकण्याची व लक्षात ठेवण्याची शक्ती वाढली. मुलीच्या गुणपत्रिकेवरून तिच्यावर आळसाचा ठपका ठेवण्यापूर्वी बापाने हा अभ्यास ध्यानात घ्यावा, असे सुचवावेसे वाटते.

शाळांतून वाटल्या जाणाऱ्या या गोळीत लोहाच्या जोडीला फॉलिक आम्ल असते, आणि त्या उत्तरार्धाचा उगम आपल्या परळचा आहे ही गोष्ट मराठी वाचकास अभिमानाने सांगण्यासारखी आहे. लुसी विल्स ही इंग्रज विदुषी १९२८ साली मुंबईस आली ती गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या भयंकर पांडुरोगाचा शोध घेण्यासाठी. परळच्या हाफकिन संस्थेत तिने उंदरांवर व माकडांवर प्रयोग केले, गिरणगावातील बायका काय खातात याची चौकशी केली, आणि अखेर मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बायका बऱ्या होतात असे १९३१ साली जाहीर केले. त्या अर्कातील अनामिक द्रव्य पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, तेच फॉलिक आम्ल. लुसी विल्स मुंबईत होती त्याच काळात कुवेतची गलबते मुंबईच्या बंदरात मोती आणि खजूर उतरवीत होती, कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या, आणि १९६१ साली दिनार येईपर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालत असे. आज त्याच वाटेने उलट दिशेस मराठी माणूस आला आहे. परळच्या स्त्रियांच्या दुःखातून निघालेले औषध त्याच्या मुलीला येथे मिळावे ही त्या जुन्या व्यवहारातील एक राहून गेलेली बाकी समजावयास हरकत नाही.

ते औषध तिला मायदेशी कसे मिळाले असते, ते पाहू. भारत सरकारने पोषणजन्य पंडुरोगाच्या प्रतिबंधाची योजना १९७० सालीच सुरू केली, परंतु तिचा रोख गरोदर व स्तन्यदा स्त्रिया आणि लहान मुले यांच्यावर होता. किशोरवयीन मुलगी तिच्या कलमांतून निसटली. मूल झाल्यावर जिच्या रक्ताची चिंता करावयाची, तिच्या रक्ताची चिंता मूल होण्यापूर्वी दहा वर्षे का करू नये, हा साधा प्रश्न सरकारदरबारी पोहोचण्यास चार दशके लागली. साप्ताहिक गोळीची देशव्यापी योजना २०१३च्या सुमारास अंमलात आली : दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यास एकदा १०० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, वर्षातून दोनदा जंतनाशक अल्बेंडाझोल, आणि वाटपाची जबाबदारी सहावीपासूनच्या सरकारी व अनुदानित शाळांवर, शाळेबाहेरच्या मुलींसाठी अंगणवाडीवर. २०१८ साली पंडुरोगमुक्त भारताच्या मोहिमेत लोहाची मात्रा ६० मिलिग्रॅमवर आणली गेली व किशोरवयीनांच्या गोळीचा रंग निळा ठरला. खेड्यातल्या शाळेत तिला लोहाची गोळी म्हणतात, कोणी रक्तवाढीची गोळी म्हणतात, आणि सोमवारी जेवणानंतर ती वर्गातच बाईंच्या देखत गिळावयाची असते.

इतके करूनही फळ काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींतील पंडुरोगाचे प्रमाण २०१५-१६ साली शेकडा ५४·१ होते, ते २०१९-२१च्या पाहणीत ५९·१ झाले. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत ते ५४·२ होते. या आकड्यांवर पंडितांत वाद आहे, व तो निष्फळ नाही. या पाहणीत बोटास टोचून काढलेला थेंब तपासला गेला. शिरेतून रक्त घेऊन २०१६-१८ साली केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत किशोरवयीन मुलींतील प्रमाण शेकडा ४० भरले. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या आकड्याकडे आहे. पण चाळीस हा आकडा काही समाधानाचा नव्हे, आणि रोग किती आहे यावर भांडता भांडता गोळी कोणाच्या पोटात गेली व कोणाच्या दप्तरात राहिली हे मोजण्याचे काम मागे पडते, ही त्या वादाची खरी हानी आहे.

एगैलाची मुलगी या सर्व व्यवस्थेच्या बाहेर आहे. तिची शाळा खासगी, अभ्यासक्रम दिल्लीच्या मंडळाचा, पण तिच्या नावाची नोंद महाराष्ट्राच्या कोणत्याही आरोग्य-दफ्तरात नाही. निळी गोळी सीमा ओलांडून येत नाही. ज्या देशात ती राहते त्याने आपल्या परीने एक शहाणपणाची तजवीज केलेली आहे. १९६१ साली स्थापन झालेली कुवेतची पिठाच्या गिरण्यांची व बेकऱ्यांची कंपनी साऱ्या देशाचे पीठ दळते, आणि त्या पिठात लोह व फॉलिक आम्ल मिसळले जाते. गिरणी मुख्यतः एकच असल्याने जे काम हिंदुस्थानात लक्षावधी चक्क्यांमुळे दुर्घट होते ते येथे सुकर झाले. अनुदानित दरातली जी गोल रोटी इथल्या बेकरीतून कुबूस या नावाने गरम गरम मिळते, ती खाणाऱ्याच्या पोटात थोडे लोह आपोआप जाते. मराठी घरात मात्र पोळी लागते. त्या पोळीचा आटा पुष्कळदा भारतातून आलेल्या पिशवीतला असतो, आणि त्या पिशवीवर लोह मिसळल्याचा छाप असेलच असे नाही. अशा रीतीने एका देशाची गोळी आणि दुसऱ्या देशाचे पीठ या दोहोंच्या मधल्या फटीत ही मुलगी सापडली आहे. या पुस्तिकेस जर काही एकच सांगावयाचे असेल तर ते हे, की जिची नोंद कोणत्याच सरकारी दफ्तरात नाही तिच्या लोहाचा जमाखर्च घरानेच लिहिला पाहिजे.

कुवेतात हा प्रश्न परकीयांपुरता आहे असेही नाही. २००० साली ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’ या एकाच अमेरिकन नियतकालिकात दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, जे शेजारीशेजारी ठेवून वाचावेत. पहिला रॉबर्ट जॅक्सन व झैनब अल-मूसा यांचा, कुवेती किशोरींवरचा. अरबस्तानात थॅलेसेमिया, सिकलसेल यांसारखे हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष आढळत असल्यामुळे येथील फिकेपणा रक्तदोषाचाच असणार असे मानण्याकडे सहज प्रवृत्ती होते. या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र असा, की कुवेती मुलींतील पंडुरोगास आनुवंशिक दोषांहून लोहाची कमतरता हेच अधिक महत्त्वाचे कारण आहे. दुसरा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शुभदा कानानी व रश्मी पूजारा यांचा, बडोद्याच्या गरीब वस्त्यांतील दहा ते अठरा वर्षांच्या मुलींवरचा. तीन महिने रोज ६० मिलिग्रॅम लोह व फॉलिक आम्ल घेतलेल्या मुलींचे हिमोग्लोबिन तर वाढलेच, पण गोळी न घेतलेल्या मुलींपेक्षा त्यांचे वजनही सरासरीने ०·८३ किलोग्रॅमने अधिक वाढले. भूक सुधारली, आणि अन्न अंगी लागले. एकीकडे तेलाचे वैभव, दुसरीकडे बडोद्याची झोपडपट्टी. आणि दोहोंकडे तीच तूट.

रक्तदोषाची शंका तरीही सर्वस्वी सोडून चालत नाही. कुवेतने २००८च्या ३१व्या कायद्याने विवाहापूर्वीची रक्ततपासणी सक्तीची केली, ती याच दोषांच्या धास्तीने. आपल्याकडेही नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीच्या पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि थॅलेसेमियाचा अंश अनेक जातिजमातींत विखुरलेला आहे. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन दोन-तीन महिने नेमाने गोळी घेऊनही चढत नाही, तिच्या बाबतीत मात्रा वाढवीत न बसता हिमोग्लोबिनचे पृथक्करण करून घ्यावे. थॅलेसेमियाच्या रोग्याच्या देहात लोह आधीच नको तितके साठलेले असू शकते, व तेथे औषधच अपाय करते.

आता मात्रेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली, जेथे स्त्रियांतील पंडुरोग शेकडा वीस किंवा अधिक आहे तेथे, पाळी येणाऱ्या मुलींना व स्त्रियांना आठवड्यास एकदा ६० मिलिग्रॅम लोह, तीन महिने घ्यावयाचे व तीन महिने थांबावयाचे, असा क्रम सुचविला. २०१६ साली, जेथे प्रमाण शेकडा चाळीस किंवा अधिक आहे तेथे, वर्षातून सलग तीन महिने रोज ३० ते ६० मिलिग्रॅम असा दुसरा. रोज की आठवड्यास, हा विवाद जुना आहे. मूळच्या ग्वाटेमालाच्या फर्नांडो विटेरी यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस साप्ताहिक मात्रेचा पुरस्कार केला तेव्हा आतड्याच्या अस्तराच्या नवनवीन पेशींचे कारण पुढे केले जात होते. पुढे हेप्सिडिन या यकृतात बनणाऱ्या स्रावाचा शोध लागला आणि चित्र अधिक स्पष्ट झाले. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की हेप्सिडिन वाढते व पुढे सुमारे दिवसभर आतड्यातून येणाऱ्या लोहाची वाट अडवून धरते. झुरिकच्या दिएगो मोरेत्ती, निकोल स्टॉफेल आदी संशोधकांनी २०१५ व २०१७ साली तरुण स्त्रियांवर दाखवून दिले की, लागोपाठ दिवशी दिलेल्या मात्रांपेक्षा एक दिवसाआड दिलेल्या मात्रांतून लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. ‘रक्त कमी आहे’ म्हणून सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक अशा गोळ्या मुलीच्या गळी उतरविणाऱ्या प्रेमळ आयांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. तिसऱ्या गोळीचा बहुतांश भाग पोट बिघडविण्याखेरीज काही करीत नाही. आधीच रोग जडलेला असेल तर मात्रा व मुदत वैद्यानेच ठरवावी, आणि हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही रिता खजिना भरण्यासाठी औषध आणखी सुमारे तीन महिने चालू ठेवावे लागते. घरात तान्हे वा रांगते भावंड असेल तर ही गोळ्यांची बाटली कुलपात ठेवावी. मोठीला तारक असणाऱ्या मूठभर गोळ्या धाकट्याचा जीव घेऊ शकतात.

गोळीने शौच काळे होते, मळमळते, कधी बद्धकोष्ठ होते, व या गोष्टी आधी सांगितल्या नाहीत तर पहिल्याच आठवड्यात बाटली कचऱ्यात जाते. न सांगण्याची किंमत केवढी असते ते मुंबईने २०१८च्या ऑगस्टमध्ये पाहिले. गोवंडीच्या एका पालिका शाळेत लोहाच्या गोळ्या वाटल्यानंतर एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. घबराटीने मुलांच्या झुंडीच्या झुंडी इस्पितळांत दाखल झाल्या. मृत्यूचे कारण क्षयरोग असल्याचे पालिकेने पुढे सांगितले, परंतु तोवर त्या वस्तीतील आयांच्या मनात गोळी आणि मरण यांची गाठ पक्की बसली होती. दोष आयांचा नाही. ज्या गोळीविषयी आपल्याशी कोणी चार शब्द बोलले नाही ती आपल्या मुलीच्या पोटात जाताना पाहून त्यांनी विश्वास कशाच्या आधारे ठेवावा?

स्वयंपाकघराविषयी या पुस्तिकेत विस्तृत प्रकरण आहे. येथे दोन-तीन समजुतींचाच परामर्श घेतो. खजुराच्या देशात राहत असल्यामुळे रोज चार खजूर दिले की रक्ताची चिंता मिटली असे मानणारी घरे पुष्कळ आहेत. खजूर उत्तम आहे, पण शंभर ग्रॅम खजुरात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम. बीट लाल असते एवढ्यावरून ते रक्त वाढवते हा तर्क तर बालिशच म्हटला पाहिजे. याउलट अळिवाकडे पाहावे. बाळंतिणीला आपण अळिवाचे लाडू देतो, आणि आखाती देशांतही बाळंतिणीला हेच बी रशाद या नावाने देण्याची जुनी चाल आहे. अरबी शेजारीण आणि कोकणातली आजी यांचे एकमत झालेले हे बी लोहाने खरोखरच समृद्ध आहे, व नारळाच्या लाडवावर लिंबूपाणी घेतल्यास त्यातील लोह अधिक अंगी लागते. मग ते केवळ बाळंतिणीसाठी का राखून ठेवावे? दुसरी गोष्ट चहाची. जेवणाबरोबर वा जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहातील कषायद्रव्ये वनस्पतिजन्य लोहास बांधून टाकतात, आणि इथे तर आटवलेल्या करक चहाचा प्याला मुलींच्या हातीही लवकर येतो. तो जेवणापासून तासाभराने दूर सारावा. तिसरी गोष्ट लोखंडी कढईची. चिंच-कोकमाची आंबट आमटी, पालेभाजी लोखंडात शिजली की भांड्याचेच लोह अन्नात उतरते. विमानाच्या सामानात वजन भरते म्हणून ती कढई सासरी राहिली आणि तिच्या जागी न चिकटणारे काळे पातेले आले, हा बदल दिसतो त्याहून महाग पडला आहे.

शाकाहारी घरांसाठी एक पुस्ती जोडणे अवश्य आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व मुलांचा जो प्रदीर्घ पाठपुरावा केला, त्यातून ब-१२ जीवनसत्त्वाची तूट आपल्या समाजात किती खोलवर आहे हे उघड झाले. फॉलिक आम्ल भरपूर आणि ब-१२ अपुरे ही स्थिती हितावह नाही, असे त्यांचे संशोधन सांगते. तेव्हा दूधदुभत्याचाही कंटाळा करणाऱ्या मुलीच्या बाबतीत केवळ लोहाची गोळी सुरू करून समाधान मानू नये. ब-१२ तपासून घ्यावे.

जंतांचा प्रश्न मात्र येथे जवळजवळ उरत नाही. अंकुशकृमीची अंडी ओलसर मातीत उबतात व त्यांतून निघालेल्या अळ्या अनवाणी पायांतून देहात शिरतात. डांबरी रस्ते आणि कोरडी वाळू यांच्या देशात त्यांना वाढण्यास जागा नाही. सुटीत गावी जाऊन महिनाभर शेतात अनवाणी हुंदडलेल्या मुलीस परतल्यावर एक जंतनाशक गोळी दिली की पुरे.

सर्वांत अवघड प्रकरण पाळीचे आहे, कारण ते बोलण्याचे आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जाहीर केले की त्यांतील शेकडा ९२ स्त्रियांस एक ना एक स्त्रीरोग होता, आणि उपचारासाठी वैद्याकडे गेलेल्या त्यांपैकी अगदी थोड्या. आपण सुशिक्षित, परदेशस्थ; आपली गोष्ट वेगळी, असे म्हणण्यापूर्वी आपल्या मुलीस दर पाळीत किती घड्या लागतात, रात्री उठून बदलावी लागते काय, रक्तस्राव सात दिवसांच्या पुढे जातो काय, हे आपणांस ठाऊक आहे का, ते प्रत्येक आईने स्वतःस विचारावे. इथल्या सदनिकेत आजी नाही, मावशी नाही, आत्या नाही. मुलगी विचारणार कोणास? आई कामावर, आणि दवाखान्यात न्यावयाचे तर गाडी वडिलांची. अशा स्थितीत अतिरिक्त रक्तस्राव वर्षानुवर्षे अंगवळणी पडतो व सर्वांचे असेच असते असा मुलीचा समज होतो. लोह ओतत राहावे आणि गळती तशीच राहावी, यात काय हशील? अशा मुलीस स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावे व रक्त गोठण्याच्या दोषाचीही तपासणी करावी.

पुस्तिकेच्या अखेरीस बारा आठवड्यांचे एक कोरे कोष्टक छापले आहे. ते मुलीने स्वतःच्या हाताने भरावयाचे आहे. आईने भरल्यास गोळी आईच्या आज्ञेचा भाग होते आणि आई कामावर गेली की विसरली जाते. आरंभ सप्टेंबरात करावा. जूनअखेरीस शाळा बंद होऊन कुटुंबे गावी जातात, व उन्हाळ्याच्या आधी सुरू केलेली गोळी सामानाच्या बांधाबांधीत हटकून खंडित होते. सप्टेंबरात आरंभ केल्यास डिसेंबराच्या आत बारा आठवडे पुरे होतात, आणि गावाहून परततानाच तेथील प्रयोगशाळेत हिमोग्लोबिन, फेरिटिन व ब-१२ मोजून आणले असल्यास कोष्टकाच्या पहिल्या ओळीत लिहावयास आकडे हाताशी असतात. शेवटची ओळ डिसेंबरातल्या तपासणीसाठी रिकामी ठेवली आहे.

एगैला, कुवेत